चुकीला टाळी

आमच्या शहाद्यात जादूगारांचं मंडळ आहे आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याची बैठक भरते, असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसा बापडे. लग्न होऊन आले तेव्हा मीही हसले होते. पंपाच्या दुकानावर एक हॉल आहे, तिथे सात-आठ बाप्ये जमतात. कुणी शाळामास्तर, कुणी एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, अध्यक्ष फोटो स्टुडिओवाले, आणि त्यांत आमचे हे. हे पेशाने शिंपी, म्हणून मंडळात सगळे यांना नुसतं मास्तर म्हणतात. सगळ्यांच्या जादूच्या पिशव्या, चोरकप्प्याचे कोट यांनीच शिवलेले. बाई म्हणून तिथे मी एकटी, तीही चहाच्या थर्मासच्या निमित्ताने.

मंडळाचे दोन नियम. पहिला म्हणजे कुणी कुणाला 'कसं केलं' म्हणून विचारायचं नाही. दुसरा नियम मला फार आवडायचा. कुणाचं काही चुकलं, हातातून पत्ते सांडले, टोपीतलं अंडं फुटलं, की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आपण काय करणार होतो हे बघणाऱ्याला माहीत नसतं, त्यामुळे आपण चेहरा पाडला नाही तर ती चूकच नाही, असं अध्यक्ष म्हणायचे. नवख्यांना त्याने केवढा धीर यायचा. त्याच टाळ्यांनी पुढे माझी झोप उडवली.

यांचा सगळ्यांत गाजलेला खेळ म्हणजे डोळे बांधून मोटारसायकल चालवायची. डोळ्यांवर कणकेचे गोळे, वरून काळी पट्टी, आणि मागे मी, नऊवार नाही पण काठापदराची साडी नेसून, एका अंगाला पाय सोडून बसलेली. बायको मागे बसवली म्हणजे लोकांना खरं वाटतं, असा त्यांचा हिशोब. बस स्टँडपर्यंत जायचं आणि परत यायचं. आता गुपित फोडते, मंडळाला काय करायचं ते करो. पट्टी कितीही घट्ट बांधली तरी नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते. भुवया जरा हलवल्या की कणीक सरकते आणि खाली रस्त्याचा पट्टा दिसतो. तेवढ्या पट्ट्यावर हे गाडी चालवायचे. मला कधी भीती वाटली नाही. मी ऐटीत बसायचे आणि ओळखीच्या बायकांना हात करायचे.

मग हे सुईत दोरा ओवायला मला हाक मारू लागले. वय झालं, म्हटलं. मग शिलाई वाकडी जाऊ लागली, गिऱ्हाईक ब्लाऊज परत आणू लागलं. एकदा जेवताना यांनी ताटाबाहेर वरण वाढून घेतलं आणि माझ्याकडे बघून हसले. मला काही हसू आलं नाही. हाताला धरून नंदुरबारला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी बराच वेळ यंत्रातून बघितलं आणि काचबिंदू म्हणाले. एक डोळा जवळजवळ गेलाय, दुसऱ्यात नळीतून बघावं तेवढंच उरलंय, आणि जे गेलं ते परत येणार नाही. थेंब जन्मभर घालायचे. गाडी तर आजपासून बंद. परत येणारच नाही का, असं मी दोनदा विचारलं. यांनी मात्र डॉक्टरांना नमस्कार केला आणि बाहेर येऊन आमच्या घरच्या अहिराणीत मला म्हणाले, "कोनले सांगू नको व."

नाही सांगितलं. गाडीला कुलूप, मंडळात फक्त पत्ते आणि रुमाल, असं आमचं ठरलं होतं. पण पुढच्याच बैठकीत हे हॉलमध्ये शिरले ते थेट मधल्या खुर्चीवर आदळले. खुर्ची उलटली, हे गुडघ्यावर पडले. आणि सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. कंडक्टर म्हणाले, आंधळ्याचं सोंग काय वठवलंय मास्तरांनी. हे उठले, झुकून मुजरा केला. नंतर पाणी ओतताना पेल्याबाहेर ओतलं, परत टाळ्या. मी थर्मास धरून भिंतीशी उभी होते. इतक्या लोकांत एकाच्याही ध्यानात येऊ नये? दिवसभर दुसऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकायची सवय असली की समोरचं खरंही सोंगच वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं.

बैठक संपता संपता अध्यक्षांनी जाहीर केलं, की पुढच्या महिन्याची बैठक हॉलमध्ये नाही, बाजाराच्या मैदानात उघड्यावर भरवायची, गावाला बोलवायचं. आणि शेवटचा खेळ मास्तरांचा, डोळे बांधून मोटारसायकल. मी यांच्याकडे बघितलं. हे 'नाही' म्हणतील म्हणून वाट बघत राहिले. हे म्हणाले, जरूर.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते सांगत नाही. मरायचं तर एकट्याने मरा, मला मागे बसवून कशाला, रस्त्यावरच्या कुणाच्या लेकराला उडवलं तर काय तोंड दाखवाल, सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. खांद्यावरची टेप काढून मशीनवर ठेवली आणि म्हणाले, "शिवणकाम गयं. मन्हाजोडे आते येवढंच ऱ्हायनं शे." आणि वर, "तू मांगे बठनी का माले सगळं दिखस."

एवढंच उरलंय, आणि मी मागे बसले की सगळं दिसतं म्हणे! मी भांडी घासायला उठले आणि तिथे रडून घेतलं.

यांचा बेत असा, की माझा उजवा हात नेहमी यांच्या खांद्यावर असतोच. अंगठा दाबला की उजवीकडे, बोटं दाबली की डावीकडे, मूठ आवळली की ब्रेक. लोकांना दिसणार नाही. सकाळी सकाळी आम्ही केळीच्या बागांमधल्या कच्च्या रस्त्यावर सरावाला जाऊ लागलो. तिथवर गाडी आम्ही दोघं ढकलत न्यायचो. पट्टी बांधून हे बसले, मी मागे बसले, गाडी निघाली, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इतकी वर्षं मी ऐटीत बसत आले, पण मला दिसतो फक्त डावीकडचा रस्ता. एका अंगाला बसलेल्या बाईला उजवीकडचं काय दिसणार? मान वळवून बघावं तर तोल जातो. म्हणजे नाकाजवळच्या फटीतूनही आता यांना काही दिसत नव्हतं आणि मला अर्धंच दिसत होतं. अंगठा कुठला नि बोटं कुठली तेच मी विसरले. उजवीकडून बैलगाडी आली ती मला आवाजावरून कळली. मी मूठ आवळण्याऐवजी किंचाळले. गाडी केळीत घुसली. गाडीवान उतरून आला, आम्हाला उठवलं, आणि यांच्या डोळ्यांवरची पट्टी बघून आमच्याकडे असा बघत राहिला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे कपडे झटकत म्हणाले, उद्या नीट होईल.

रोजच उद्या नीट होणार होतं. कधी कालव्याच्या पाटचारीच्या काठापर्यंत गेलो, कधी माझ्या बोटांना पेटका आला. घरी भाकरी थापतानासुद्धा माझा अंगठा आपोआप दाबला जायचा. हंगाम उसाचा. बस स्टँडच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिवसभर कारखान्याकडे जात असतात, मागची ट्रॉली वळणावर कशी झोकांडते ते सगळ्या गावाला माहीत आहे. बाजाराला निघाले आणि तसा ट्रॅक्टर दिसला की मी दुकानाच्या ओट्यावर चढून उभी राहायचे. पायीसुद्धा मला तो रस्ता नकोसा झाला.

शेवटी न राहवून मी अध्यक्षांच्या स्टुडिओत गेले. कुणाला सांगणार नाही म्हटलं होतं, पण जीव मोठा की शब्द? मी सरळ सांगितलं, भाऊ, यांना दिसत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. खेळ रद्द करा. अध्यक्ष माझ्याकडे बघत राहिले. मग खुर्चीत मागे रेलून हसायला लागले. म्हणाले, वहिनी, तुम्हीपण तयार झाल्या. मास्तरांनी पाठवलं ना? मी शपथ घेतली. ते आणखी हसले. मी रडायला लागले तेव्हा त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. डोक्यात अशी सणक गेली की समोरचा कॅमेरा उचलून आपटावा. मी तशीच चालत घरी आले. खरं सांगूनही कुणी ऐकणार नसेल तर माणसाने जायचं कुठे?

मैदानात त्या रविवारी तोबा गर्दी. आजूबाजूच्या गावांतून लोक आलेले, झेंडूच्या माळा लावलेली गाडी मधोमध उभी. शाळामास्तरांचे रुमाल झाले, कंडक्टरांची तिकिटांची जादू झाली. मला काही दिसत नव्हतं, फक्त रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मग अध्यक्षांनी माईक घेतला. म्हणाले, मंडळी, यांच्या सौभाग्यवती माझ्याकडे रडत आल्या होत्या, की माझ्या नवऱ्याला दिसत नाही. आता तुम्हीच बघा, यांना दिसतं की नाही. गर्दी खदखदून हसली. यांनी माझ्याकडे मान वळवली. मी कुठे उभी आहे ते त्यांना दिसलं नसणार, पण मान बरोबर माझ्याकडे वळली. मी सांगितलं होतं हे त्यांना असं, सगळ्या गावासमोर कळलं.

कणकेचे गोळे लावले. पट्टी कंडक्टरांनी बांधली. गाडीची चावी हे नेहमी वरच्या खिशातून काढून माझ्याकडे देतात, मी ती लोकांना उंच करून दाखवते आणि गाडीला लावते, असा खेळाचा भाग आहे. चावी माझ्या हातात आली. मी ती उंच केली. हात खाली आणला तेव्हा ती माझ्या तळव्याच्या घडीत लपली होती. वर्षानुवर्षं हे संध्याकाळी नाणं तळव्यात दाबून हात रिकामा दाखवायचा सराव करायचे आणि मी लसूण सोलत समोर बसायचे. यांनीच गंमत म्हणून मला शिकवलं होतं, तुझा हात लहान आहे म्हणून चिडवलंही होतं. मी आधी काही ठरवलं नव्हतं, देवाशप्पथ. माझा हातच पुढे झाला. मग मी दोन्ही हात सैल सोडले आणि नुसती उभी राहिले.

अध्यक्ष म्हणाले, चावी लावा वहिनी. मी म्हटलं, चावी नाही. त्यांनी खाली बघितलं, गाडीला बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं. गर्दीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, दुसरी चावी आणा. चावीचा दात तळव्यात रुतला होता, पण बोट हलवलं तर पडेल या भीतीने मी श्वाससुद्धा जपून घेत होते. हे पट्टी बांधलेलेच माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "चावी कोठे गई व?"

यांनी हात पुढे केला, माझा हात शोधून काढला. डावा हात चाचपला, सोडला. उजवा धरला. सगळ्या मैदानाला माझा हात रिकामा दिसत होता, पण शिंप्याची बोटं ती, चोरकप्पे शिवण्यात आयुष्य गेलेलं. त्यांचा अंगठा माझ्या तळव्यावरून फिरला आणि चावीवर येऊन थांबला. आता हे ती ओढून काढतील, हसून लोकांना दाखवतील, आणि मला मागे बसावं लागेल. मी एवढंच म्हणू शकले, "माले भ्याव वाटस."

यांनी अंगठा तिथून हलवला नाही. मग यांनी माझी बोटं एकेक करून मिटली, मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली, आणि तोंड गर्दीकडे करून खेळातल्या त्या शुद्ध मराठीत, खणखणीत आवाजात म्हणाले, "मंडळी, माझ्या बायकोच्या हातात काहीही नाही. चावी गायब. आणि ज्या गाडीला चावी नाही ती डोळे उघडे ठेवूनही चालत नाही."

मग मंडळाचे लोक नियमाप्रमाणे टाळ्या वाजवू लागले आणि त्यांच्यामागून सगळं मैदान. नियमाप्रमाणेच 'कसं केलं' म्हणून कुणी विचारलं नाही. आम्ही गाडी ढकलत घरी निघालो, हे माझ्या खांद्यावर हात ठेवून. ती मूठ मी दारात पोचेपर्यंत उघडली नाही.