पुसू नये

गणिताच्या मास्तरांना शाळेत सगळे ‘डस्टर’ म्हणायचे. तोंडावर नाही, अर्थात. तोंडावर म्हणायची छाती एकट्या त्यांच्या बायकोची होती, आणि ती आता नव्हती.

नाव काही उगाच पडलं नव्हतं. घंटा झाली की बाकीचे शिक्षक खडू टाकून चहाकडे पळायचे. मास्तर मागे राहायचे. फळा वरून खाली, कानाकोपऱ्यांसकट पुसायचे, डस्टर खिडकीबाहेर झटकायचे, मगच निघायचे. “पुढच्याला कोरा फळा मिळाला पाहिजे,” एवढंच म्हणायचे. इंग्रजीच्या बाई आपला फळा तसाच सोडून गेल्या, तर त्यांचाही पुसायचे. एकदा तर एका खानावळीत जेवून उठले, हात धुतले आणि जाताजाता भिंतीवरचा ‘आजचे पदार्थ’ लिहिलेला फळा लख्ख पुसून टाकला. मालक गल्ल्यावरून धावत आला. “अहो, अजून अर्धं गाव जेवायचंय!” बायको हसून हसून पायरीवरच बसली.

त्यांचा हात थांबायचा तो एकाच गोष्टीपुढे. कुणी फळ्याच्या कोपऱ्यात चौकट करून ‘पुसू नये’ लिहिलं असेल, तर ती मास्तरांना दगडावरची रेघ. चित्रकलेच्या सरांनी एकदा अर्ध्या फळ्यावर घोडा काढला, कोपऱ्यात ‘पुसू नये’ लिहिलं, आणि त्याच आठवड्यात त्यांची बदली झाली. आता पुसायची परवानगी देणार कोण? मास्तरांनी अख्खं वर्ष उरलेल्या अर्ध्या फळ्यावर बीजगणित शिकवलं. पोरं म्हणायची, वर्गसमीकरणं आता घोड्यालासुद्धा सुटतात.

असा हा माणूस. इस्त्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकटाच राहायचा. थंडीत खालच्या इस्त्रीमुळे फरशी कोमट लागायची, तेवढीच काय ती ऊब. लेक लांब दिलेली, रविवारी फोन करायची, “जेवलात ना बाबा?” विचारायची, आणि मागून नातवाचं रडणं आलं की ठेवायची. तिचाही दोष नव्हता. मास्तरांना त्रास व्हायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. संध्याकाळी कुलूप उघडलं की सकाळी टेबलावर ठेवलेला कप तिथंच असायचा. चष्म्याचं घर तिथंच. ओला टॉवेल खुर्चीवर जसा टाकला तसाच. इतकी वर्षं वस्तू आपोआप जागेवर जातात असं त्यांना वाटत आलं होतं. त्या आपोआप हलत नव्हत्या, हे कळायला बायकोला जावं लागलं.

अशात एक दिवस मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना बोलावलं.

“मास्तर, एक प्रकल्प आलाय. तीन गावांच्या तीन शाळा, आणि सगळ्यांचा मिळून एकच ऑनलाइन फळा. आपल्याकडून तुम्ही.”

“मी? बाई, मला फोनवर फोटो काढताना माझंच बोट येतं.”

“येऊ द्या. फळा म्हटल्यावर तुमच्याशिवाय कोण?”

झालं. शाळेचा एक जुना लॅपटॉप मास्तरांच्या पिशवीत आला.

काम तसं सोपं होतं. तिन्ही शाळांनी एकाच उंचीची काठी मैदानात रोवायची, भर दुपारी मुलांनी तिची सावली मोजायची, आणि चित्रं, फोटो, आकडे त्या एका फळ्यावर मांडायचे. सावली कुठं लांब, कुठं आखूड, त्यावरून सूर्य कुठं किती वर आहे ते मुलांनीच काढायचं. मांडामांड शिक्षकांनी संध्याकाळी आपापल्या घरून करायची. फळा उघडला की प्रत्येकाच्या नावाचा एक रंगीत बाण दिसायचा. दूरच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचा हिरवा, भूगोलाच्या तरण्या सरांचा निळा, मास्तरांचा नारंगी.

पहिल्या संध्याकाळी मास्तर नुसते बघत बसले. पडद्यावर एक चित्र आपोआप उचललं गेलं आणि कोपऱ्यात जाऊन बसलं. एक अक्षर उमटलं, मग दुसरं. कुणीतरी दिसत नव्हतं, पण होतं. ह्या घरात किती दिवसांनी काहीतरी त्यांनी हात न लावता हललं होतं.

“मास्तर, ऐकू येतंय का?” हिरव्या बाणाच्या बाई लॅपटॉपमधून बोलल्या. “ती चौकट ओढा. अलगद! ढकलू नका.”

“ओढतोय की.”

“अहो, तुमची काठी उडून आमच्या मैदानात आली!”

“राहू द्या बाई,” निळे सर म्हणाले. “फुकटची सावली मिळतेय.”

मास्तर मोठ्यानं हसले, आणि आपलाच आवाज ऐकून दचकले.

मग रोजची सवयच लागली. शाळा सुटली की उरलंसुरलं गरम करून खायचं आणि दिवेलागणीला टेबलाशी बसायचं. बाई शिकवायला खमक्या. “पालथ्या घड्यावर पाणी आहे हो मी,” मास्तर म्हणायचे. “घडा सरळ करायचा मग,” त्या म्हणायच्या. हळूहळू मास्तरांना रेघ काढता आली, फोटो चिकटवता आला, सगळं एकदम निवडता आलं. ते शिकले त्या दिवशी तर त्यांनी लेकीला रविवार नसताना फोन केला. बढती नको होती, बक्षीस नको होतं. त्या तीन बाणांत आपला एक असावा, एवढंच त्यांना हवं होतं.

फळा पुरा झाला, त्या संध्याकाळी सगळे खूश होते. दोन दिवसांनी तो बाहेरच्या पाहुण्यांना दाखवायचा होता. “चला, झालं बाई एकदाचं,” म्हणत हिरवा बाण गेला. “शुभ रात्री मास्तर,” निळा गेला. मास्तर मागे राहिले. फळ्यावर तीन शाळांच्या पोरांच्या काठ्या, सावल्या, वेडीवाकडी नावं. मास्तरांनी समाधानानं सगळं एकदा वाचलं. तास संपला होता.

जित्याची खोड ती. त्यांनी सगळं निवडलं आणि पुसून टाकलं. कानाकोपऱ्यांसकट. पांढरा स्वच्छ फळा पाहून त्यांना बरं वाटलं. लॅपटॉप मिटला आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत जिन्यावर असताना खिशातला फोन थरथरू लागला. तिघांच्या ग्रुपवर निळे सर पेटले होते.

“फळा कोरा!! पोरांची सगळी मेहनत गेली!”

“आमच्याच एखाद्या कार्ट्याचा उद्योग असणार. वर्गात लिंक उघडून दाखवली होती ना मी.”

“तासाला सगळ्यांना उभं करतो. बघतोच.”

कठड्याला धरून मास्तर तिथंच उभे राहिले. गप्प राहिलं तर? कुणाला कळणार होतं? आणि सांगितलं तर हे लोक कशाला ठेवतील असल्या माणसाला आपल्यात? मग पुन्हा संध्याकाळ, कुलूप, टेबलावरचा कप. खालून पोरं ओरडत वर येत होती, त्यांना वाट देत मास्तर भिंतीला टेकले. अशीच पोरं तिकडे उभी राहणार होती. न केलेल्या गोष्टीसाठी.

त्यांनी एका बोटानं लिहिलं: “पोरांना काही म्हणू नका. मी पुसला. तास संपला म्हणून.”

उत्तर आलं नाही. घंटा झाली. मास्तरांनी तास घेतला, पण काय शिकवलं ते त्यांना विचारू नये.

संध्याकाळी लॅपटॉप उघडायला हात धजत नव्हता. शेवटी उघडला. हिरवा बाण आणि निळा बाण कोऱ्या फळ्यावर आधीच येऊन बसले होते.

“या मास्तर,” बाई म्हणाल्या. “नारंगी बाणानं पुसलंय, हे मला सकाळीच दिसलं होतं.”

“दिसलं होतं?”

“ह्या फळ्याला सगळं आठवतं. कोण काय करून गेलं ते बाजूला जपून ठेवतो तो.”

“मग बोलला का नाहीत?”

“म्हटलं, मास्तर सांगतील. ह्या सरांचा तास सुरू व्हायच्या आत नसतं सांगितलंत, तर मी सांगणार होते. पोरांना उगाच बोलणी कशाला? बघा आता.”

त्यांनी कुठंसं दाबलं. एक काठी परत आली. मग तिची सावली. मग फोटो, आकडे, पोरांची नावं, एकामागून एक, गेलेलं सगळं.

“गेलेलं परत येतं?” मास्तरांनी विचारलं.

“इथं येतं.”

मास्तरांनी परत आलेली नावं एकेक करून वाचली.

“बाकी मास्तर,” निळे सर म्हणाले, “तुमच्या हातात डस्टर द्यायची सोय नाही!”

“शाळेत मला तेच म्हणतात,” मास्तर म्हणाले. हे त्यांनी आजवर कुणापाशी कबूल केलं नव्हतं. तिकडे दोघं इतकी हसली की आवाज फाटला. मग मास्तरांनी खानावळीची गोष्ट सांगितली. मग घोड्याची. बायको गेल्यावर त्या गोष्टी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितल्या.

पाहुण्यांना फळा आवडला. टाळ्या झाल्या, प्रशस्तिपत्रं आली, मोठ्या बाईंनी मास्तरांचं मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावलं. हिरव्या बाईंना दुसरा प्रकल्प मिळाला, दुसऱ्या शाळांबरोबर. निळ्या सरांचं लग्न ठरलं. “भेटूच हं मास्तर,” दोघंही म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली. पण माणसांना कामं असतात.

फळा मात्र राहिला. कुणी तो बंद केला नव्हता. मास्तर दिवेलागणीला टेबलाशी बसायचे, तो उघडायचे. काठ्या जिथल्या तिथं, सावल्या जिथल्या तिथं. नारंगी बाण इकडून तिकडे फिरवायचे आणि थांबायचे. काही हलायचं नाही. आता हेही टेबलावरच्या कपासारखंच झालं होतं.

एक दिवस हात पुन्हा सवयीनं निघाला, सगळं निवडलंही गेलं. मास्तरांनी हात मागे घेतला. मग उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट ओढली. अलगद, बाईंनी शिकवली तशी. आत लिहिलं: पुसू नये.

नंतर बरेच दिवस ती चौकट तशीच होती. रोज बघायचे, मिटायचे.

मग एका संध्याकाळी कुलूप उघडलं, कप बाजूला सारला, फळा उघडला. बाण कुणाचाच नव्हता. पण चौकटीखाली हिरव्या रंगात एक शब्द होता: बरं.

कधी आल्या, कधी गेल्या, कोण जाणे. मास्तरांनी आपला नारंगी बाण त्या शब्दाशेजारी नेऊन ठेवला. खालच्या दुकानात इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज आला. जेवण गरम करायचं राहिलं होतं. ते तसेच बसून राहिले.