चार लिफ्ट आणि आप्पांचा नियम

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हाक मारण्यापेक्षा खडा मारणं सोपं, अशी वेळ आमच्या दौंडच्या घरी आली होती. म्हणून कानाचं मशीन घ्यायला पुण्याला निघालो. जाणार असाल तर सकाळची पहिली डेमू लोकल पकडा, बसायला जागा मिळते. डबा घरूनच न्या. त्या कॉम्प्लेक्समध्ये साधा चहा ऐंशी रुपयांना आहे.

कॉम्प्लेक्स भर शहरात. खाली कपड्यांची, मोबाइलची दुकानं, वर सात मजले ऑफिसं, जिकडेतिकडे काच. आप्पांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. खांद्यावर घोंगडी, मान वर. "हितं चुकलं तर मानूस घावायचं कसं गं?"

"मी हाय की!" मी कानाशी ओरडले. मोठी शहाणी मी!

मशीनचं ऑफिस पाचव्यावर. लिफ्ट गच्च भरलेली. पाचव्यावर गर्दीबरोबर मी बाहेर पडले, मागे वळेपर्यंत दार बंद. आप्पा आतच राहिले.

त्यांच्याजवळ फोन नाही, असता तरी ऐकू आला नसता. लिफ्ट चार, चारही सारख्या. बटण दाबलं की भलतीच उघडायची. मग जिन्याने धावले. सातवा, सहावा, चौथा, सगळीकडे तोच गुळगुळीत पॅसेज. ऐकू न येणाऱ्या माणसाला मी हाका मारत होते, कळत होतं, तरी थांबवत नव्हतं. रस्त्यावर गेले असतील तर? हॉर्नसुद्धा ऐकू येणार नाही.

खाली सिक्युरिटीवाल्याला रडत वर्णन सांगितलं. शेजारचा पार्सलवाला वळला. "घोंगडीवाले बाबा? तीन नंबरच्या लिफ्टमध्ये आहेत. मी उतरा म्हटलं, तर नुसती मान हलवली."

तीन नंबरचं दार उघडलं. कोपऱ्यात लिफ्टच्या भिंतीवरचा दांडा घट्ट धरून आप्पा उभे होते, चेहरा पांढराफटक.

"आप्पा, उतरला का न्हाई तुम्ही?"

"चुकल्यावर जागा सोडायची न्हाई. मेंढरू आसू नाय तर मानूस." आवाज कापत होता. "जागाच हालत हुती, त्याला म्या काय करू?"

लहानपणी तळेगावच्या बाजारात मी हरवले होते, तेव्हा याच नियमाने त्यांना सापडले. त्या दिवशी पाचव्यावर लिफ्टसमोर नुसती उभी राहिले असते, तरी ते माझ्यासमोर आले असते. नियम मोडला तो मी.

मशीन मिळालं, छान चालतं. पण लिफ्टचं दार मिटताना अजून छातीत धस्स होतं. परवा स्वयंपाकघरात काम करता करता उगाच भीती वाटली, म्हणून अगदी हळू म्हटलं, "आप्पा?"

बाहेर अंगणातल्या ओट्यावरून लगेच उत्तर आलं, "हाय गं, हितंच हाय."