चिंगीच्या अक्षता

जगातल्या यच्चयावत दुःखांचं मूळ पोटातल्या जंतांत आहे, असं छातीठोकपणे सांगणारा गृहस्थ अख्ख्या पालघर जिल्ह्यात एकच असावा, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हा माझ्या पत्रिकेचा दोष. मामा सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन डहाणूच्या मसोलीत राहायचे. पोर अभ्यासात मागे पडलं, जंत. शेजारी भांडखोर निघाला, तरी जंतच. लग्नाच्या पंगतीत बाजूच्याने पुन्हा जिलेबी मागितली की मामा त्याच्याकडे कणवेने बघत आणि "तुमच्या पोटात दुसरंच कोणीतरी जेवतंय हो," असं सांगून त्याची जिलेबी कडू करत. मुलीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी पगार विचारला नाही, "जंताचं औषध शेवटचं कधी घेतलंत?" एवढंच विचारलं. तो बिचारा गडबडून म्हणाला, "शाळेत असताना." मुलगा खोटं बोलत नाही, एवढ्यावर मामांनी होकार देऊन टाकला आणि लेक वापीला सासरी गेली.

जाताना ती चिंगीला वडिलांच्या हवाली करून गेली. चिंगी म्हणजे तिने धाकट्या डहाणूहून मासळीच्या टोपलीत घालून आणलेली मांजर. मामा तिच्याशी अहोजाहोत बोलत. "चिंगीबाई, आज बोंबील जरा लहान आहेत, सांभाळून घ्या," असं त्यांना म्हणताना मी स्वतः ऐकलंय. मामी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "एवढ्या अदबीनं माझ्याशी बोलायला काय होतं?"

पालघर वेगळा जिल्हा होऊन दोनेक वर्षं झाली असतील. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. एका सकाळी मामींना चिंगीच्या खुर्चीत तांदळासारखे दाणे दिसले. लग्नसराईचे दिवस, खुर्चीवर आदल्या दिवशी आलेली पत्रिका पडलेली. मामींना वाटलं, पत्रिकेबरोबरच्या अक्षता सांडल्या. मामांनी चष्मा चढवून दाणे निरखले आणि निर्वाळा दिला, "बासमती दिसतोय. माणसं तालेवार आहेत, पण कुंकवात कंजुषी केलीय." अक्षता काही केरात टाकायच्या नसतात. मामींनी त्या वेचून वाटीत घातल्या आणि वाटी देवापुढे ठेवली. थोड्या वेळाने निरांजन लावायला गेल्या, तर एक अक्षत चालत होती.

मग देव्हारा धुतला गेला, देवांना पुन्हा आंघोळ झाली, मामींनाही झाली. ओल्या केसांनीच त्यांनी निकाल दिला, "लेक यायच्या आत हे मांजर खाडीपलीकडे सोडून या. पोटुशी पोर या किड्यांत राहणार नाही." मामा पांढरेफटक पडले. जन्मभर लोकांच्या पोटात डोकावलेल्या माणसाला मांडीवरच्या मांजराचे जंत दिसले नव्हते.

मी तेव्हा तलासरीला शिक्षक होतो. मामांचा फोन आला, आवाज अगदी खाली. "जावईबापू, तिथल्या गुरांच्या डॉक्टरीणबाई तुमच्या ओळखीच्या ना? डहाणूत नको. इथे सगळे ओळखतात, व्याह्यांच्या कानावर जाईल." साऱ्या गावाच्या पोटाची जाहीर चर्चा करणारा हा माणूस चिंगीला पिशवीत घालून माझ्या मोटरसायकलवर चोरासारखा बसला आणि तलासरीपर्यंत पिशवीशी कुजबुजत राहिला.

बाईंनी शेळ्या-वासरांच्या गर्दीतून वाट काढत चिंगीला तपासलं. "चपट्या कृमीचे तुकडे आहेत हे. अंग चाटताना मांजर पिसू गिळतं, त्यातून होतात. गोळी देते. पण पिसवांचंही औषध करा, नाहीतर परत होतील."

"आणि मुलीचं बाळंतपण?" मामांनी विचारलं.

"मुलीला मांजराची घाण काढायला लावू नका, हात धुवायला सांगा. मांजर घालवायचं काही कारण नाही. काही दिवसांनी शी तपासायला आणा."

हे मामींना बाईंनीच फोनवर सांगितलं. मामी म्हणाल्या, "तपासणीत साफ निघाली तर राहील. नाहीतर खाडी."

त्या तपासणीला मामा पेढ्यांच्या खोक्यात नमुना घेऊन आले. दवाखान्यातल्या शिपायाने हसतमुखाने हात पुढे केला. मामा खोकं मागे घेत म्हणाले, "आधी निकाल, मग पेढे." बाई सूक्ष्मदर्शकात बघत होत्या तोवर ते हात जोडून उभे होते, आणि खरं सांगायचं तर माझेही हात नकळत जोडले गेले होते. बाई मान वर करून म्हणाल्या, "साफ आहे." मामा मटकन बाकावर बसले, उपरण्याने डोळे पुसले आणि मग एकदम हसायलाच लागले. मलाही इतकं हायसं वाटलं की काय सांगू. येताना त्यांनी खरे पेढे घेतले आणि सगळ्यात आधी त्या शिपायाला नेऊन दिले.

लेक आली, सुखरूप बाळंत झाली, आणि बाळ जेमतेम काही महिन्यांचं होतंय तेवढ्यात त्याला घेऊन वापीला परतही गेली. त्या संध्याकाळी मी मसोलीला होतो. दोरीवर दुपटी नव्हती, कोणी रडत नव्हतं. मामी ओटीवर बसून चिंगीच्या अंगावरून पिसवांचा बारीक कंगवा फिरवत होत्या. मामांना ती शांतता सोसेना, म्हणून त्यांनी मुद्दाम खोडी काढली. "मग काय, आता येऊ का हिला खाडीपलीकडे सोडून?"

मामींनी मान वर केली नाही. कंगवा तसाच फिरवत म्हणाल्या, "आता या घरातून कोणी कुठे जायचं नाही."