ट्रामचा वेग

दादाला स्किझोफ्रेनिया आहे हे डॉक्टरांनी सांगितलं. पण समोरून येणारी ट्राम हळू येतेय की जोरात, हे त्याला नुसतं बघून कळत नाही, ते मला कलकत्त्यात एस्प्लनेडच्या चौकात त्याच्याबरोबर रस्ता ओलांडताना समजलं. ट्राम दिसायची त्याला, वेग तेवढा उमगायचा नाही. मग तो माझं मनगट धरून विचारायचा, "आता?" मी "चल" म्हटल्यावरच पाऊल उचलायचा.

सत्तर-एकाहत्तर साल असेल. त्या दिवशी दवाखान्याची वेळ टळत चालली होती. अख्खं कलकत्ता ट्रामच्या पुढ्यातून आरामात पलीकडे जात होतं आणि हा फुटपाथवर खिळलेला. लोक वळून बघायला लागले. माझं डोकंच फिरलं. ट्रामकडे न बघताच मी खेकसले, "चल ना, लांब आहे ती!"

तो निमूट खाली उतरला. घंटा ठणाणा वाजली. मी शर्ट धरून त्याला मागे खेचलं आणि ट्राम आम्हाला घासून गेली. शर्टाची दोन बटणं तुटली.

त्यानं एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं शर्ट नीट केला, पुन्हा माझंच मनगट धरलं आणि विचारलं, "आता?"