कुत्रीला हाक कशी मारायची

माझी हिल्डा आत्या गवताचे कुत्रे करते. आमच्या या वाळवंटातल्या वस्तीत गवताचं काही ना काही सगळ्याच बायका करतात. कुणी टोपल्या, कुणी पोपट, कुणी घोरपडी. एकीने तर एकदा उंट केला, आणि तो खोलीच्या दारातून बाहेर निघेना म्हणून त्याची मान पुन्हा उसवायला लागली. आत्या मात्र कुत्र्यांशिवाय दुसऱ्या कशाला हात लावत नाही. मूठभर गवत घ्यायचं, लोकरीने आवळायचं, दाभणाने टाके घालत आधी पोट, मग पाय, मग शेपूट. डोकं शेवटी. लोकर बहुतेक वेळा निळी आणि पांढरी, तिच्या फुटबॉलच्या संघाची. शहरातल्या लोकांना त्या निळ्या पायांत फार खोल अर्थ दिसतो म्हणे. अर्थ एवढाच, की आत्याचा संघ चार वर्षं सारखा हरतोय आणि तिला ते मान्य नाही.

हे सगळे कुत्रे डावीकडे मान वाकडी करून बघतात, कारण तिची स्वतःची कुत्री तशी बघते. पिवळट रंगाची, काटकुळी, एक कान फाटलेला. सकाळी आत्या दारासमोर चूल पेटवते, काळ्या डब्यात चहा उकळते, नर्सबाईंनी बंद केलेली साखर चार चमचे घालते आणि गवताची जुडी मांडीवर घेते. कुत्री तिच्या पाठीला पाठ लावून बसते. मधूनच उठून लोकरीचा गुंडा पळवते, आत्या तिला शिव्या घालते, ती गुंडा परत आणून देते आणि आत्या तिच्या तोंडात भाकरीचा तुकडा टाकते. हे रोज. मी एकदा म्हटलं, "आत्या, तूच तिला चोरी शिकवतेस." तर म्हणाली, "तुला काय करायचंय? तू एक तरी गुंडा आणून दिलास का मला कधी?"

कुत्रीचं नाव मी सांगणार नाही. ते म्यूरियल मावशीच्या लेकीने ठेवलं होतं. म्यूरियल आणि आत्या चुलत बहिणी, लहानपणापासून एका चुलीवर जेवलेल्या; दोघींना आत्या म्हटलं तर गोंधळ होतो म्हणून हिला मी मावशी म्हणते. लेक तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेल. कुठूनतरी एक पिल्लू उचलून आणलं, आत्याच्या मांडीवर टाकलं आणि म्हणाली, "ही माझ्यासारखीच वाळकी आहे आणि माझ्यासारखीच एका जागी बसत नाही. हिला माझंच नाव." झालं. पुढे नऊ वर्षं आत्याने चुलीपाशी हाक मारली की एकीकडून कुत्री यायची आणि दुसरीकडून पोरगी यायची. राखेत कांगारूची शेपूट भाजत असली तर दोघी धावतच यायच्या. म्यूरियल म्हणायची, "हिल्डे, तुझ्या एका हाकेत माझं घर रिकामं होतं."

मार्चच्या शेवटी ती पोरगी गेली. मूत्रपिंडांचा आजार. एकविसावं चालू होतं.

माणूस गेलं की त्याचं नावही आम्ही सोडतो. ते घरच्यांच्या कानावर पडता कामा नये, मग ते वर्ष असो की चार वर्षं. कधी मोकळं करायचं ते घरचे ठरवतात. त्या नावाचं आणखी कुणी असेल तर त्यालाही तोवर कुन्मानारा म्हणायचं. आमच्याकडे गेल्या दोन वर्षांत इतकी माणसं गेली, की वस्तीत आधीच तीन कुन्मानारा होत्या. आता चौथी कुत्री. आत्याने तिला दारातून हाक मारली, "कुन्मानारा!" तर समोरच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली, पाण्याच्या नळावरून एक बाई वळली, आणि कुत्री जिथे होती तिथेच झोपून राहिली. मग आत्याने नुसतं "पपा, पपा" म्हणून बघितलं. पपा म्हणजे कुत्रा. वस्तीतले अकरा कुत्रे आले, तिची सोडून. शिट्टी वाजवायला आत्याला पुढचे दात नाहीत.

इथवर हसण्यासारखंच होतं आणि आम्ही हसलोही. पण आत्याची बैठक मोडली ती तेव्हापासून. कुत्री डोळ्यांसमोर नसली की ही उठायची, घराला फेरी मारायची, परत बसायची, चार टाके घालायची, पुन्हा उठायची. कुत्री आमच्याआधी भुताला बघते आणि भुंकते, त्यामुळे ती जवळ नसली तर आत्याला डोळा लागत नाही. एक कुत्रा पोटापर्यंत करून तिने कपाटावर ठेवला, दुसरा पायापर्यंत. नोव्हेंबर उजाडेपर्यंत कपाटावर बिनडोक्याचे सहा कुत्रे जमले. आमच्या वस्तू शहरात विकणाऱ्या आर्ट सेंटरची बाई दोनदा येऊन विचारून गेली. आत्या म्हणाली, "डोकी उन्हाळ्यात येतील."

खरं दुखणं वेगळंच होतं. आत्या म्यूरियलकडे जाणं टाळत होती. म्यूरियल घर सोडून दुखवट्याच्या छावणीत, ओढ्यापलीकडे, केस कापून बसलेली. आत्या सुरुवातीला रडायला गेली, सगळ्यांबरोबर कपाळ बडवून रडली, पण त्यानंतर सात महिन्यांत एकदाही नाही. मी विचारलं तर चिडली.

"कुत्री माझ्या मागे येणार. तिथे गेली की ती म्यूरियलच्या अंगावर चढणार, पोरीसारखी तिच्या कुशीत शिरून झोपणार. आणि मी तोंडाची फटकळ. 'अगं ये इकडे' म्हणताना पटकन नाव निघून गेलं तर?"

"मग कुत्रीला माझ्याकडे बांधून जा."

"बांधून? तुला बांधून ठेवलं होतं का कुणी?"

असं उलट विचारलं की संपलं. चाळीस-पन्नास वर्षं जिच्याशिवाय चहा प्यायला नाही, ती बहीण दहा मिनिटांवर एकटी बसलेली, आणि ही एका नावाच्या धाकाने इथे घराला फेऱ्या मारतेय. मला दोघींचा राग यायचा. त्या नावाचाही यायचा, आणि मग राग आल्याची लाज वाटायची.

नोव्हेंबरमध्ये, आमच्याकडे उन्हाळा चढायला लागतो तेव्हा, गवत तोडायला जायचं ठरलं. गाडी चालवायचा परवाना आम्हा बायकांत माझ्याकडेच, त्यामुळे माझं मत कुणी विचारत नाही, किल्ली कुठे आहे तेवढं विचारतात. मी गाडी चुलींपुढून फिरवत एकेकीला घेत होते. ओढ्यापाशी आले तर रस्त्यात म्यूरियल उभी. काळा झगा, डोक्यावर केस बोटभर वाढलेले, हातात रिकामं पोतं.

"मागे जागा आहे का?" तिने विचारलं.

मागच्या हौद्यात आत्या आणि कुत्री. म्यूरियल वर चढली तशी आत्याने कुत्रीच्या अंगावर पटकन चादर टाकली. कुत्रीने ती झटकून दिली आणि म्यूरियलच्या पायाशी जाऊन बसली. वाट तासभराची. मी आरशातून बघत होते. म्यूरियलचा हात कुत्रीच्या फाटक्या कानावर होता आणि आत्या दुसरीकडे, धुळीकडे बघत होती.

लाल खडकांच्या रांगेखाली यंदा गवत चांगलं होतं. आम्ही पांगलो. ऊन असं, की गाडीच्या पत्र्याला हात लावता येईना. दहाच्या सुमाराला झुडपांतून एक कांगारू उठला आणि कुत्री त्याच्यामागे सुटली. आत्या हातातलं गवत टाकून उभी राहिली. तिने तोंड उघडलं. सात महिने झाले तरी जीभ नावापाशीच गेली होती, ते मला लांबून दिसलं. तिने स्वतःच्या तोंडावर हात मारला आणि हाक आतच राहिली. तेवढ्यात कुत्री खडकांत दिसेनाशी झाली.

"येईल," मी म्हटलं.

बारा वाजले तरी आली नाही. आम्ही माग काढायला घेतला. त्यात आत्याचा हात धरणारं कुणी नाही. वाळूत कांगारूची उडी, त्यावर कुत्रीचे पाय, पुढे कांगारू एकीकडे गेलेला आणि कुत्री दुसरीकडे. एका काट्याच्या झुडपापाशी रक्ताचे दोन थेंब. तिथून पुढचे ठसे तीनच पायांचे, आणि ते सरळ उघड्या कातळावर चढलेले. कातळ अर्धा मैल पसरलेला, त्यात शंभर घळी. कातळावर माग राहत नाही.

आम्ही "पपा, पपा" ओरडलो. ताटली बडवली. मी शिट्ट्या मारून मारून ओठ सुकवले. कुत्री शहाणी, पपा म्हणजे बाकीचे अकरा, आपण नाही, हे तिला सात महिन्यांत कळलं होतं. आत्या या घळीतून त्या घळीत डोकावत होती, चप्पल एक कुठेतरी पडलेली, पाय भाजत असतील तरी तिला कळत नव्हतं. पाणी आमच्याकडे एक कॅन. जखमी जनावर त्या दगडांत बिनपाण्याचं दुसरा दिवस बघत नाही, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

उन्हं उतरल्यावर मी आत्याला गाठलं.

"हाक मार तिला."

"मारतेय ना."

"नावाने मार."

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी दोन पावलं मागे सरले. पण माझंही डोकं फिरलं होतं. मी म्हटलं, "म्यूरियल मावशी तिकडे गाडीच्या सावलीत आहे. आपण पलीकडच्या अंगाला जाऊ. तिला ऐकू जाणार नाही."

"तिला नाही जाणार. तिच्या पोरीला जाईल," आत्या म्हणाली. "ती वाटेत असेल अजून. मी हाक मारायची, तिने मागे वळून यायचं आणि मी म्हणायचं, तू नाही गं बाई, कुत्री? नऊ वर्षं केला तो खेळ. आता नाही."

आणि ती कातळावर बसून रडायला लागली. मी तिच्या पायाखाली माझा डोक्याचा रुमाल टाकला आणि उभी राहिले.

खाली बायकांची चुळबुळ चालू झाली होती. अंधार पडायच्या आत तिथून निघायला हवं होतं, आणि भुताची चाहूल द्यायला कुत्रा जवळ नसताना तर नक्कीच. कुणीतरी हॉर्न वाजवला. आत्या म्हणाली, "तुम्ही जा. मी थांबते." पासष्ट वर्षांची बाई, एका चपलेवर. मी तिच्याशी भांडत होते तेव्हा मागून दगडांवर पावलं वाजली.

म्यूरियल वर आली होती. धाप लागलेली. तिने आत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"पाय दुखावलाय ना तिचा?" तिने विचारलं.

आत्याने मान डोलावली.

"मग ओरडत का नाहीस?"

म्यूरियल तिच्या शेजारी टेकली.

"सात महिने तू माझ्याकडे आली नाहीस," म्यूरियल म्हणाली. "मला वाटलं, माझं तोंड बघवत नाही हिला."

"कुत्रीमुळे गं. माझ्या तोंडातून जाईल म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच."

"मूर्ख आहेस," म्यूरियल म्हणाली. "मी रोज वाट बघायचे की कुणाच्या तरी तोंडून चुकून जाईल. सगळे इतके सांभाळून बोलतात माझ्यापुढे. कुणाची जीभ घसरत नाही." गुडघ्यांवर हात टेकून ती उठली. "लेक माझी आहे. नाव मी ठेवलेलं आहे. ते कधी उघडायचं, हे मी सांगणार."

मी खाली बघितलं. गाडीपाशी बायकांना काय होणार ते कळलं असावं, कारण त्या एकेक करून माना खाली घालत होत्या. आत्याने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड झाकून घेतलं.

म्यूरियल कातळाच्या कडेवर गेली आणि तिने हाक मारली. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही, नुसती खरखर आली. ती खोकली, थुंकली, आणि पुन्हा हाक मारली. या वेळी नाव पूर्ण निघालं, पोरीला जेवायला बोलवायची तशीच, शेवटी लांबवून. समोरच्या खडकांवरून ते परत आलं. खाली कुणीतरी हुंदका दिला आणि मग सगळ्याच बायका रडायला लागल्या. म्यूरियल थांबली नाही. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा.

तिसऱ्या घळीच्या तोंडाशी काहीतरी पिवळं हललं. कुत्री बाहेर आली, पुढचा एक पाय वर धरून, मान डावीकडे वाकडी. आत्या ओरडत तिच्याकडे निघाली, पण कुत्री तिच्या बाजूने लंगडत पुढे गेली, सरळ म्यूरियलपाशी, आणि तिच्या पायांवर अंग टाकून आडवी झाली. मी कॅनचं झाकण उघडून ओंजळीत पाणी धरलं. ती पीत होती. आत्या गुडघ्यांवर बसून तिच्या पायातला काटा चाचपत होती, हसत होती आणि रडत होती, दोन्ही.

मला वाटलं, आता निघायचं. सूर्य टेकला होता. मी म्यूरियलच्या दंडाला हात लावला. "मावशी, आली ती. बघ, आली."

म्यूरियलने खाली बघितलं नाही. ती समोर मोकळ्या रानाकडे बघत होती, आणि कुत्री पायाशी येऊन बसली होती तरी ती हाका मारतच होती. आत्या उठली, तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिच्या आवाजात आवाज मिसळून तेच नाव घेऊन ओरडायला लागली. आम्ही कुणी त्यांना थांबा म्हटलं नाही.