बगळ्यांच्या गल्लीतला चहा

कोणाच्याही घरी गेले की काका बेल वाजवण्याआधी शेजारच्या हिरवळीवर टाच दाबायचे आणि ओठ मुडपून खाली बघत राहायचे. टाचेच्या खड्ड्यात पाणी जमलं तर मान हलवायचे, नाही जमलं तरी हलवायचे. आमच्याकडेही तसंच करून आत यायचे, बूट काढायचे आणि माझी बायको मेधा "काका, चहा टाकते" म्हणाली की म्हणायचे, "नको गं, आत्ताच झाला."

हा चहा नेमका कुठे होत होता, ते देव जाणे. सकाळी आले तरी आत्ताच झालेला असायचा, संध्याकाळी आले तरी. आमच्याच वसाहतीत वरच्या रस्त्यावर राहणारी मराठी मंडळी सांगायची, "आमच्याकडे तर आलं घालून दोन-दोन कप घेतात." म्हणजे वाकडं होतं ते आमच्या खालच्या गल्लीशी. तुम्ही असता तर तुम्हीही तोच निष्कर्ष काढला असता: माणूस शिष्ट आहे.

आमच्या गल्लीचं नाव इग्रेट मार्श लेन, म्हणजे बगळ्यांच्या दलदलीची गल्ली. तिथे बगळे नाहीत आणि दलदलही नाही. इथले बिल्डर जे घालवतात त्याचं नाव रस्त्याला देतात, हे टेक्सासमधल्या शुगर लँडला आल्यावर मला बऱ्याच उशिरा कळलं.

काका मूळचे अमरावतीचे, सिव्हिल इंजिनिअर. बिल्डरांसाठी जमिनी तपासण्यात त्यांची हयात गेली. ओल्या जागेवर घरं बांधायची तर आधी ठरवावं लागतं, तिथलं पाणी केंद्र सरकारच्या कायद्यात बसतं की नाही. नदी-ओढ्याला जोडलेलं असेल तर बसतं. मग परवानग्या, अटी, वर्षानुवर्षांची रखडपट्टी. एकटंच डबकं असेल तर सरकार त्यात पडत नाही. जोडलेलं आहे की एकटं, हे सांगायचं काम काकांचं. निवृत्त झाल्यावरही टाचेची सवय गेली नव्हती.

मग एका वादळात पाऊस थांबायचं नाव घेईना आणि आमची खालची गल्ली भरली. वरचा रस्ता कोरडा राहिला. पाणी ओसरल्यावर पहिले आले ते काका, गमबूट घालून. घरोघरची भिजलेली कार्पेटं त्यांनी ओढून बाहेर काढली. मेधाची पेटी फुगून फुटली होती. तिच्या वडिलांनी घेऊन दिलेली; तिच्यावर ती दर शनिवारी पोरांना गाणं शिकवायची. काकांनी ती पेटी एकट्यानं उचलून रस्त्याच्या कडेला ठेवली आणि कचऱ्याचा ट्रक येईपर्यंत तिच्याजवळ उभे राहिले. मेधानं थर्मासमधला चहा पुढे केला. "नको गं," ते म्हणाले. त्या दिवशी 'आत्ताच झाला' म्हणायचं मात्र राहून गेलं.

यानंतर काही वर्षांनी सरकारनं पुन्हा विचारायला घेतलं, की केंद्राच्या कायद्यात कोणतं पाणी धरायचं. लोकांचं म्हणणं ऐकायला ह्यूस्टनमध्ये सभा ठेवली. काका म्हणाले, "मला नेशील? फ्रीवेवर ड्राइव्ह करत नाही मी आता."

वाटेत त्यांच्या मुलीचा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून फोन आला. गाडीच्या स्पीकरवर मलाही ऐकू आलं. "बाबा, प्लीज, डोन्ट मेक इट अबाउट यू."

काकांनी फोन बंद केला आणि समोर बघत बोलू लागले.

"तुमची गल्ली मी पाहिली होती, घरं व्हायच्या आधी. पाऊस झाला की तिथून थेट ओढ्यापर्यंत पाणी वाहायचं. मला ठाऊक होतं. म्हणून मी पाहणीला मुद्दाम ऑगस्टमध्ये गेलो, इथल्या ऐन उन्हाळ्यात. सगळं ठणठणीत कोरडं. लिहिलं, कुठेही जोडलेलं नाही. त्यात एक अक्षर खोटं नाही बघ."

मी गाडीचा वेग कमी केला.

"आणि स्वतः घर घेतलं ते वरच्या रस्त्यावर. पाणी कुठवर येईल ते माहीत होतं ना! कोणत्या तोंडानं पिऊ तुमचा चहा?" मग म्हणाले, "आज सांगणार आहे. माइकवर."

सभेत प्रत्येकाला तीन मिनिटं. बिल्डर बोलले, शेतकरी बोलले, मासेमारी करणाऱ्या एक बाई रडवेल्या होऊन बोलल्या. काका फार छान बोलले. पाणी कोणत्या ऋतूत बघायचं ते व्याख्येतच लिहा, म्हणाले. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मग ते "अँड आय..." म्हणाले आणि थांबले. वेळ संपल्याचा लाल दिवा लागेपर्यंत तसेच उभे राहिले. मग "थँक यू" म्हणून खाली बसले. मला लाज वाटली. त्यांची, की त्या टाळ्यांची, ते आजही सांगता येणार नाही.

परतताना म्हणाले, "सगळं बोललो, माझं सोडून."

"वेळ संपला काका."

"वेळ होता रे."

मी घरी काही सांगितलं नाही. ते त्यांनीच सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून गल्लीच्या पहिल्या दारापाशी उभे दिसले. एकेका दारात जाऊन त्यांनी सगळं सांगितलं. शेजारचे टेक्सन आजोबा हसले म्हणे. "गल्लीच्या नावातच दलदल आहे. आम्हाला वाचता येतं." त्यांनी काकांना बिअर देऊ केली. एका बाईंनी दार लावून घेतलं.

आमचं दार शेवटचं. या खेपेला त्यांनी हिरवळीवर टाच दाबली नाही. आत आले, बूट काढले आणि उभ्यानंच मेधाला सांगितलं. ऑगस्टचं सांगितलं, वरच्या रस्त्याचं सांगितलं. "तुझी पेटी माझ्यामुळे गेली," म्हणाले.

मेधा ओट्याला टेकून ऐकत होती. जिथे पेटी असायची त्या कोपऱ्याकडे तिनं एकदा पाहिलं. काका खुर्चीवर बसले आणि हात गुडघ्यांवर ठेवून वाट बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या प्रत्येक फेरीला तिनं न चुकता चहा विचारला होता. त्या दिवशी विचारला नाही. मलाही विचारता आला असता. मीही बसून राहिलो.

बऱ्याच वेळानं "येतो" म्हणून ते उठले. बुटांच्या नाड्या बांधायला त्यांना फार वेळ लागला.

पुढे मुलगी येऊन त्यांना फ्रीमाँटला घेऊन गेली. तिथेच ते गेले. तिचा फोन आला तेव्हा मेधा चहाच करत होती. तिनं गॅस बारीक केला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "त्या दिवशी विचारलं असतं, तर घेतला असता का रे त्यांनी?"

"घेतला असता," मी म्हणालो.