गाभोळीचा मासा

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरावर शैलूदादाने हात लावलेलं ट्रॉलरचं इंजिन पुन्हा बंद पडलं, असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. नववीतून शाळा सोडली, वर्कशॉप टाकलं आणि त्या वर्कशॉपवर धाकट्या भावाला, विनयला, डॉक्टर केला. माशातलं तर विचारूच नका. टोपलीतला मासा नुसता अंगठ्याने पोटाला दाबायचा आणि सांगायचा, ह्यात अंडी आहेत, गाभोळी आहे, ह्यात नाही. कापल्यावर तसंच निघायचं. मासळीवाल्या बाया त्याच्याशी वाद घालायच्या भानगडीत पडत नसत.

असा हा माणूस आयर्लंडात, किलकेनीला, भावाकडे तीन महिन्यांसाठी आला, आणि इथे त्याला कोणी कशाला हात लावू देईना. कचरा टाकायला निघाला की विनयची बायको यामिनी मागून यायची, "दादा, ते हिरव्या बिनमध्ये नाही हो." गाडीचं बॉनेट उघडलं तर विनय म्हणाला, "राहू दे रे, ती सर्व्हिसिंगला जाते." इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि साखर कुठल्या प्रेसमध्ये हे सुद्धा त्याला रोज विचारावं लागायचं. ज्याने घर चालवलं त्याने आता सोफ्यावर बसून राहायचं?

म्हणून शेजारच्या डेक्लनने, रिटायर्ड पोस्टमन तो, नदीवर सामन मासा गरवायला, गळाने धरायला, येतोस का विचारलं तेव्हा दादा तयारच होता. विनयने लायसन्स काढून दिलं, त्याबरोबर निळे टॅग आले. मासा ठेवायचा तर जागेवरच कल्ल्यातून टॅग ओवायचा, नाहीतर सोडून द्यायचा. "सामन म्हणजे आपल्या रावसाचा भाऊ," दादाने जाहीर केलं, आणि पुढच्याच रविवारी घरी जमलेल्या मंडळींना सांगून टाकलं, "जायच्या आधी सगळ्यांना मी धरलेला, माझ्या हातचा सामन. गाभोळीसकट."

ॲडम्सटाउनहून आलेला संग्राम, विनयचा कॉलेजमधला मित्र, हसला. "दादा, सुपरमार्केटात मिळतो की. काटे पण काढून देतात."

ते हसणं दादाला लागलं. यामिनीने ह्या जेवणासाठी सप्टेंबरातला शेवटचा रविवार धरला. त्याच आठवड्यात मासेमारी बंद होणार होती, आणि दादाचं विमानही त्याच आठवड्यात होतं.

ऑगस्टात एक मासा लागला खरा. दोनेक किलोचा, चकचकीत, नुकता समुद्रातून नदीत चढलेला. डेक्लनने खूष होऊन टॅग काढला. "ग्रँड. हाच ठेवायचा. ताजा आहे, नर आहे."

दादाने पोट दाबून बघितलं. रिकामं. "ह्यात काय आहे? ह्याचा फोटो रत्नागिरीला पाठवला तर म्हणतील, एवढ्या लांब जाऊन बांगडा धरलान." आणि सोडला पाण्यात. डेक्लन टॅग हातात घेऊन उभा. विनयला नंतर म्हणाला, "युअर मॅन फार चोखंदळ आहे बुवा."

"चोखंदळ असणारच," दादा म्हणाला. "मोठा येईल."

मोठा येईना. बारकाही येईना. एक आठवडा नदीला पूर, पाणी चहासारखं. पुढच्या आठवड्यात पाणी इतकं कमी की दगड दिसायला लागले. मासे समोर उड्या मारायचे, आमिष म्हणून गळाला लावलेला चकचकीत चमचा त्यांच्या नाकासमोरून जायचा, ढुंकून बघायचे नाहीत. झाडात अडकलेले चमचे मात्र डेक्लनला काठीने काढून द्यावे लागायचे. संग्राम ग्रुपवर विचारायचा, "दादा, मासा निघाला का रत्नागिरीहून?" दादा फोन उलटा करून ठेवायचा. यामिनी हळूच म्हणाली, "दादा, चिकन पण करून ठेवू का?" त्या दिवशी तो तिच्याशी जेवताना बोलला नाही.

रविवार दुसऱ्या दिवसावर आला. शनिवारी विनयही बरोबर आला होता. उन्हं उतरताना दादाच्या दोरीला असा हिसका बसला की तो गुडघ्यावर पडला. पण सोडली नाही. डेक्लन जाळं घेऊन पाण्यात उतरला, आणि जाळ्यात आलं ते बघायला दादा गुडघ्यांवरच पुढे सरकला. तांब्याच्या रंगाचा, जाडजूड, पोट टम्म.

त्याने अंगठा लावला. "भरलेला आहे. विनू, गच्च भरलेला आहे. टॅग दे म्हणावं."

डेक्लन टॅग काढेना. जाळं पाण्यातच धरून उभा राहिला. "मादी आहे," तो म्हणाला. "आम्ही ह्या दिवसांत मादी सोडतो. कायदा नाही तसा. टॅग तुझा, मासा तुझा. ठरव तू."

विनयने मराठीत सांगितलं आणि वर जोडलं, "दादा, सोड ना. हे लोक काय म्हणतील?"

"तू मला सांगू नको कुठला मासा ठेवायचा. तुला अजून बोंबील आणि मांदेली कळत नाहीत."

"दादा, तो अंडी घालायला..."

"मला माहितीय ती कुठे चाललीय. मला शिकवतोस?" आता तर ठेवायचीच, दादाच्या मनात आलं. उद्या संग्रामच्या ताटात गाभोळी पडेल तेव्हा त्याचं तोंड बघायचंय. "दे टॅग."

डेक्लनने टॅग दिला. दादाने मासा नीट धरायला हात पाठीवर नेला, आणि अंगठा आत गेला. पुन्हा दाबला. खळगा तसाच राहिला. अंग बुळबुळीत, पाठ बसलेली. नदीत आल्यापासून तिने काही खाल्लं नव्हतं, अंगात होतं ते सगळं पोटातल्या अंड्यांना लावलं होतं. असा मासा बंदरावर कोणी दिला असता तर दादाने टोपलीत परत फेकला असता. हा रांधायचा? संग्राम खाईल, छान म्हणेल आणि घरी जाताना गाडीत हसेल. नुसती गाभोळी काढून बाकीचा मांजराला घालायचा, तर असली उधळमाधळ त्याने स्वतःच्या घरी कधी केली नव्हती.

आणि ऑगस्टातला तो बांगडा. तोच खायचा मासा होता.

"फोटो काढ निदान," तो विनयवर खेकसला, मादीच्या तोंडातली गरी सोडवली, तोंड धारेकडे करून तिला धरलं. शेपटीने एक सणसणीत तडाखा दिला, दादा डोक्यापासून भिजला, ती गेली. फोटोत आली दादाची पाठ आणि पाणी. डेक्लनने खांद्यावर हात ठेवला. दादाने तो झटकला.

रविवारी विनयने दुकानातून सामन आणला. दादाने घरून आणलेलं तिरफळ घालून कालवण केलं. हात तोच, चव तीच. संग्रामने दोनदा वाढून घेतलं. "मानलं दादा. हा तुम्ही धरलेला?"

"मग," विनय पटकन म्हणाला. "कालच आणला नदीवरून."

दादाचा घास हातात राहिला. भावाने लाज राखायला केलं हे त्याला कळलं, म्हणून तर जास्त डोकं फिरलं. शैलू सुर्व्याला दुकानातला मासा आपला म्हणून खपवायची पाळी?

"दुकानातला आहे," तो म्हणाला. "माझा मी सोडला. ह्याच्या दुप्पट होता, गाभोळीने भरलेला."

"हो का," संग्राम म्हणाला, आणि ताटाकडे बघत हसला.

"विनू, तू होतास. दाखव केवढा होता."

विनयने खरकटा हात धुतला आणि दोन्ही हात लांब केले. दादा ताटावरून उठला, भावाची मनगटं धरली आणि आणखी वीतभर लांब नेली.

"एवढा. आता हलवू नकोस."